पेढीवरचा जुना संगणक : पाठिंब्याची मुदत संपते म्हणजे काय?

सन २०२५ च्या दिवाळीतील वहीपूजनास एक आठवडा उरला असता, १४ ऑक्टोबर रोजी, मायक्रोसॉफ्ट कंपनीने आपल्या 'विंडोज १०' या ऑपरेटिंग सिस्टिमचा पाठिंबा थांबविला. तेव्हापासून आमच्या सभासद बंधूंपैकी अनेकांनी आम्हांस एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला आहे. "संगणक तर पूर्वीप्रमाणेच चालतो, बिले निघतात, खतावणी जमते, मग संपले ते काय?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर संगणक विकणाऱ्याकडून ऐकण्यापेक्षा आपल्यातल्याच एका व्यापाऱ्याकडून ऐकणे बरे, या हेतूने हा लेखनप्रपंच.

संगणकाचे यंत्र म्हणजे दुकानाची इमारत आणि हिशेबाचा प्रोग्राम म्हणजे मुनीम असे मानले, तर ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे त्या इमारतीची दारे, कुलपे आणि देवडीवरचा पहारेकरी होय. आत कोणी यावे, कोणती वही कोणी उघडावी, याचा निवाडा तीच करते. ही रचना इतकी अवाढव्य असते की तिच्यात उणिवा राहणे अटळच आहे. त्या जसजशा उघडकीस येतात, तसतशी कंपनी प्रत्येक महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी त्यांवरील दुरुस्त्या पाठविते. या नित्याच्या डागडुजीलाच 'पाठिंबा' असे म्हणतात. मुदत संपली म्हणजे इमारत पडत नाही. कुलपे दुरुस्त करणारा कारागीर मात्र येईनासा होतो.

हे प्रथमच घडत आहे असे नाही. सन २००१ मध्ये आलेल्या 'विंडोज एक्सपी'चा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ रोजी आणि सन २००९ मधील 'विंडोज ७' चा १४ जानेवारी २०२० रोजी संपला. 'विंडोज १०' ही २९ जुलै २०१५ रोजी बाजारात आली होती. म्हणजे तिलाही दहा वर्षांहून थोडे अधिक आयुष्य लाभले.

येथे कोणी म्हणेल की, कारागीर गेला म्हणून कालचे मजबूत कुलूप आज कच्चे कसे होईल? लोखंडी कुलपाच्या बाबतीत हा युक्तिवाद बव्हंशी खरा आहे. संगणकाच्या बाबतीत तो लागू पडत नाही. 'विंडोज ११' ही नवी सिस्टिम पुष्कळ अंशी 'विंडोज १०' च्याच पायावर उभी आहे. नवीची दुरुस्ती निघाली की चोर ती दुरुस्तीपूर्वीच्या रचनेशी ताडून पाहतात आणि भोक नेमके कोठे होते हे हुडकून काढतात. तेच भोक जुन्या सिस्टिममध्येही असेल, तर तेथे ते कायमचे उघडे राहते. नव्या घराची डागडुजीच अशा रीतीने जुन्या घराचा नकाशा चोराच्या हाती देते. म्हणून जुना संगणक आहे तसाच असला, तरी त्याची जोखीम महिन्यागणिक वाढत जाते.

सन २०१७ चे उदाहरण सर्वांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. विंडोजमधील एका गंभीर उणिवेवरील दुरुस्ती कंपनीने १४ मार्च रोजी दिली होती. ज्यांनी ती बसविली नव्हती आणि ज्या जुन्या सिस्टिमसाठी ती निघालीच नव्हती, त्यांच्यावर १२ मे रोजी 'वॉनाक्राय' नावाची खंडणीची कीड तुटून पडली. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांना ठरलेल्या तपासण्या व शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. पुढच्याच महिन्यात, २७ जून रोजी, 'नॉटपेट्या' या दुसऱ्या किडीने मर्स्क या जहाज कंपनीस ग्रासले आणि आपल्या न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या टर्मिनलचे काम खोळंबले. यातून दोन धडे मिळतात. दुरुस्ती उपलब्ध असणे निराळे आणि ती घेणे निराळे. आणि जेथे दुरुस्तीच मिळत नाही, तेथे सावधगिरीलाही मर्यादा पडते.

हे आम्ही केवळ पुस्तकी ज्ञान म्हणून सांगत नाही. सन २०२१ साली आमच्या पेढीवर 'विंडोज ७' चाच संगणक होता. चिरंजीवांनी तो बदलण्याविषयी दोनदा सुचविले. "चालतो आहे तोवर चालू द्या," असे म्हणून आम्ही विषय टाळला. एके दिवशी बिलाच्या नावाने आलेली एक फाइल आमच्याच हातून उघडली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मुनीमजींनी पाहिले, तो एकही खाते उघडेना. पडद्यावर खंडणीची मागणी झळकत होती. नक्कल ठेवलेली हार्ड डिस्क आम्ही नेहमी जोडूनच ठेवीत असू, त्यामुळे तीही त्याच कुलपात अडकली. आम्ही खंडणी दिली नाही. पाच महिन्यांची उधारी बिलांच्या स्थळप्रतींवरून आणि मुनीमजींच्या कच्च्या वहीवरून पुन्हा उभी केली. जेथे कागद सापडला नाही, तेथे बहुतेक गिऱ्हाइकांनी आपल्याकडील येण्याचा आकडा आपण होऊन सांगितला. त्यांचे ऋण आम्ही विसरणार नाही. परंतु दुसऱ्याच्या सचोटीच्या भरवशावर आपण निष्काळजी राहावे, हा व्यापाराचा धर्म नव्हे, हेही त्याच वेळी आमच्या मनावर ठसले.

आता उपायांकडे वळू. प्रथम आपला संगणक 'विंडोज ११' स्वीकारू शकतो काय, हे पाहावे. त्यासाठी 'पीसी हेल्थ चेक' हे साधन कंपनीने विनामूल्य दिले आहे. स्थूलमानाने, इंटेलचा आठव्या पिढीचा अथवा त्यानंतरचा प्रोसेसर, 'टीपीएम २.०' ही सुरक्षा-चिप, किमान ४ जीबी मेमरी आणि ६४ जीबी साठवण असावी लागते. ही पात्रता असल्यास 'विंडोज १०' वरून नव्या सिस्टिमवर जाण्यास शुल्क पडत नाही.

पात्रता नसल्यास वाढीव मुदतीचा मार्ग आहे. घरगुती संगणकांसाठी कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची सवलत जाहीर केली. व्यवसायांसाठी जाहीर झालेला दर पहिल्या वर्षी दर संगणकास ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट आणि जास्तीत जास्त तीन वर्षे असा आहे. व्यापाऱ्याच्या हिशेबाने पाहता ६१, १२२ आणि २४४ मिळून ४२७ डॉलर होतात. एवढ्या रकमेत बिले करण्याजोगा नवा संगणक येऊ शकतो. तेव्हा हा मार्ग थोडा अवधी मिळविण्यापुरताच वापरावा, कायमचा नव्हे.

जुने यंत्र टाकवत नसेल, तर त्याचे इंटरनेट तोडावे आणि ते केवळ जुन्या नोंदी पाहण्यास ठेवावे. बँकेचे व्यवहार, जीएसटीची विवरणपत्रे आणि ईमेल त्यावर मुळीच करू नयेत. विनामूल्य मिळणारी लिनक्स सिस्टिम घालूनही अशी यंत्रे वापरात राहू शकतात; मात्र आपला हिशेबाचा प्रोग्राम तिच्यावर चालेल काय, हे आधी विचारून घ्यावे.

संगणक नवा असो वा जुना, हिशेबाची नक्कल ठेवलीच पाहिजे. ती घेऊन होताच डिस्क काढून कपाटात ठेवावी आणि एक नक्कल पेढीबाहेर, घरी असावी. जीएसटी कायद्यानुसार वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपून ठेवावे लागतात. यंत्र बिघडले ही सबब तेथे पुरी पडत नाही. पैशांची फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे. जुना संगणक मोडीत देण्यापूर्वी त्याची डिस्क पूर्ण पुसून घ्यावी, अथवा काढून आपल्यापाशीच ठेवावी.

आपल्या वाडवडिलांनी जुन्या वह्या लाल कापडात बांधून जपल्या. वाळवी लागू नये म्हणून ते त्या वर्षातून एकदा उन्हात घालीत आणि कुलूप सैल झाले की लोहाराकडे धाडीत. वहीचे रूप पालटले. तीत लिहिलेला विश्वास मात्र तोच आहे. येत्या वहीपूजनापूर्वी प्रत्येक सभासदाने आपल्या पेढीवरील संगणकाची मुदत एकदा पाहून घ्यावी आणि त्याच दिवशी हिशेबाची एक नक्कल कपाटात ठेवावी, एवढीच आमची विनंती आहे.