बंद टीव्ही आणि चालू मीटर

आपल्या भागाचं विजेशी नातं जुनं आहे. खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ सालचं, भिवपुरीचं १९२२चं. घाटावरून उतरणारे ते मोठाले पाइप आपण वर्षानुवर्षं पाहतो. म्हणजे वीज येते कुठून, हे आपल्याला दिसतं. घरात ती जाते कुठे, हे मात्र दिसत नाही.

रिमोटनं टीव्ही बंद केला की आपण म्हणतो, 'बंद झाला'. कशावरून? चित्र दिसत नाही, यावरून. कुमारिल भट्टाच्या परंपरेतले मीमांसक न दिसणं हेही ज्ञानाचं साधन मानतात. त्याला 'अनुपलब्धी' म्हणतात. पण अट अशी की, वस्तू असती तर दिसलीच असती. उजेडात जमिनीवर घडा दिसला नाही, तर घडा नाही. अंधारात दिसला नाही, तर काहीच सिद्ध होत नाही. आणि वीज तर उजेडातही दिसत नाही!

मग मोजायचं. एक वॅट वर्षभर चालू राहिला की ८.७६ युनिट होतात. मोबाइलच्या रिकाम्या चार्जरवरून आपण मुलांना ओरडतो, पण आजचा चार्जर एक वॅटही घेत नाही. सेट-टॉप बॉक्स मात्र रिमोटनं बंद करूनही दहा वॅट घेत असू शकतो. टीव्ही, मायक्रोवेव्हचं घड्याळ, स्पीकर, इन्व्हर्टर मिळून घरात वीस वॅट धरा. महिन्याला साधारण १४ युनिट, वर्षाला १७५.

आता बिल बघा. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांच्या वर चढा दर लागतो. सगळ्या बिलाला नाही, फक्त वरच्या युनिटांना. एखाद्या घराची खरी गरज ९५ युनिटांची. त्यात हे १४ मिळवले की १०९. म्हणजे नऊ युनिट चढ्या दरानं, आणि कुणाच्या उपयोगाला न आलेली. बेताच्या मिळकतीच्या घराला हे जाणवतं.

पडताळा घरीच घ्या. फ्रिज, पंखे, दिवे भिंतीवरच्या बटणानं बंद करा. बाकीचं रोज रात्री असतं तसंच राहू द्या. मग मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा पाहा. मीटरवर '३२०० इम्पल्स' छापलं असेल, तर वीस वॅटला तो तासात ६४ वेळा लुकलुकेल, मिनिटाला साधारण एकदा. मग टीव्ही-बॉक्सचं भिंतीवरचं बटण बंद करून पुन्हा मोजा. शनिवार-रविवारपुरती उघडणारी घरं असणाऱ्यांनी तर हे जाताना करावंच.

फ्रिज तेवढा आठवणीनं परत चालू करा.