विजेच्या भट्टीचा भाता

हौशी कारागिरांचा इंडक्शन हीटर म्हणजे तळहाताहून जरा मोठी एक पाटी. तिच्यावर दोन मॉसफेट, तांब्याची तार गुंडाळलेले दोन चोक, ओळीने बसवलेले सहा कपॅसिटर आणि पुढे तांब्याच्या नळीचं वेटोळं. वेटोळ्यात बोल्ट धरायचा. कुठेही न टेकता तो लाल होतो. बदलत्या चुंबकक्षेत्रामुळे विद्युतप्रवाह निर्माण होतो हे फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं, तेच तत्त्व इथे सेकंदाला लाखभर वेळा राबतं. पाटीवर विकणाऱ्याने लिहिलेलं असतं: १२ ते ४८ व्होल्ट, २० ॲम्पियर, १००० वॉट. सप्लाय, म्हणजे या भट्टीचा भाता, मात्र सोबत येत नाही, आणि डोकं खातो तो हाच.

हिशोब सोपा वाटतो. ४८ गुणिले २० म्हणजे ९६० वॉट. मग मुंबईचा लॅमिंग्टन रोड नाहीतर पुण्याची तपकीर गल्ली गाठून जाळीच्या पत्र्यातला एसएमपीएस आणला जातो. जोडून बटण दाबलं की बऱ्याचदा सप्लायचा दिवा लुकलुकतो, आतून टिक-टिक ऐकू येते आणि बोल्ट थंडच राहतो. सप्लाय खराब आहे म्हणून दुकानदाराशी वाद होतो. खरं तर सप्लाय त्याच्या शिकवणीप्रमाणे वागत असतो.

या पाटीला स्वतःचा मेंदू नाही. दोन मॉसफेट आळीपाळीने एकमेकाला बंद करतात आणि त्यातून प्रवाहाचा झोका तयार होतो. दोघांच्या गेटला चालू करणारं व्होल्टेजही त्याच सप्लायमधून येतं. व्होल्टेज एकदम आलं, तर दोघांतला जरासा फरक पुरतो, एक पुढे जातो आणि झोका सुरू होतो. एसएमपीएस मात्र सुरू होताना व्होल्टेज हळूहळू चढवतो. तेवढ्यात दोन्ही मॉसफेट एकत्र उघडतात, झोका लागतच नाही, आणि चोकमधून थेट शॉर्ट होतो. सप्लाय प्रवाह बघून घाबरतो, बंद होतो, पुन्हा प्रयत्न करतो. तीच ती टिक-टिक. जाड सळई एकदम आत खुपसली तरी हेच: व्होल्टेज कोसळतं आणि झोका तुटतो.

उपाय स्वस्त आहे. सप्लाय आधी चालू करून पूर्ण व्होल्टेजवर येऊ द्यायचा आणि मग मधला स्विच किंवा रिले दाबून पाटी जोडायची. हा रिले डीसीच्या रेटिंगचा हवा. घरातल्या पंख्याच्या बटणात डीसीची ठिणगी विझत नाही, पट्ट्या चिकटतात.

बॅटरीला असलं भित्रेपण नाही. लोडशेडिंगच्या वर्षांनी महाराष्ट्रात घरोघरी इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या आणून ठेवल्या. १२ व्होल्टच्या दोन ओळीने जोडल्या की २४ मिळतात. बॅटरी मागेल तितका प्रवाह देते, आणि तोच तिचा धोकाही आहे. झोका बिघडला तर एसएमपीएस माघार घेतो, बॅटरी मॉसफेट फोडते. म्हणून बॅटरीच्या टोकाजवळच फ्यूज हवा. साध्या ट्रान्सफॉर्मरवरही काम उत्तम होतं, फक्त ३६ व्होल्ट एसी रेक्टिफायर-कपॅसिटरमधून गेल्यावर जवळपास ५० होतात, हे खरेदीपूर्वीच ध्यानात घ्यावं. मायक्रोवेव्हमधला ट्रान्सफॉर्मर काढून नव्याने गुंडाळण्याचा सल्ला सर्रास मिळतो. त्या ओव्हनचा कपॅसिटर प्लग काढल्यावरही जीवघेणा असू शकतो. नवख्याने त्या वाटेला जाऊच नये. भंगारातले सर्व्हरचे १२ व्होल्टचे सप्लाय दणकट असतात, पण त्यांचं ऋण टोक बहुधा पत्र्याला जोडलेलं असतं. दोन ओळीने लावले की एक शॉर्ट. तो पत्रा वेगळा करण्याचा खटाटोप मला तरी पटत नाही.

व्होल्टेज किती घ्यावं? मॉसफेटवर शिखराला सप्लायच्या सुमारे ३.१४ पट ताण येतो. ४८ ला तो १५० व्होल्ट, आणि या पाट्यांवर नेहमी दिसणारा आयआरएफपी२६०एन २०० व्होल्टपर्यंतच सहन करतो. नव्या माणसाने २४ ला सुरुवात करून नंतर ३६ वर जावं. व्होल्टेज निम्मं केलं की उष्णता साधारण चौथाई होते, तरी छोटा बोल्ट तापायला तेवढी पुरते.

सोबत एक ॲमीटर असावा. वेटोळं रिकामं असतानाही पाटी काही ॲम्पियर ओढते. त्यात लोखंड आलं की काटा उडी मारतो. तेच लोखंड ७७० अंशांपलीकडे चुंबकत्व सोडतं, तेव्हा काटा आपोआप उतरतो आणि भात्यावरचा भार हलका होतो. मोठ्या सप्लायचा प्लग १६ ॲम्पियरच्या पॉइंटवरच लावावा, कारण स्वस्त एसएमपीएस २३० व्होल्टवरून वॉटच्या हिशोबापेक्षा बराच जास्त प्रवाह ओढतो. पाटीकडे जाणारी वायर चार एमएमची, शक्य तितकी आखूड. इतकं सगळं घेतल्यावर बिलात पाटीपेक्षा सप्लाय, रिले आणि फ्यूजचाच आकडा मोठा निघतो.