घरी दिलेले मत

म्हातारी आई खाटेवरून उठत नाही. मग तिचे मत वाया जायचे का? मुळीच नाही!

लोकसभा-विधानसभेला ८५ वर्षांपुढच्या माणसाला घरी मत देता येते. पूर्वी ही अट ८० वर्षांची होती. २०२४ साली ती बदलली. त्यासाठी १२-डी नावाचा अर्ज भरावा लागतो. निवडणुकीची सरकारी अधिसूचना निघाल्यावर पाच दिवसांत तो द्यायचा. मग अधिकारी मतपत्रिका घेऊन दारी येतात.

आता नीट ध्यानात घ्या. लहान पाकिटात फक्त मतपत्रिका घालायची. ‘ही मतपत्रिका माझीच’ असे सांगणारे घोषणापत्र वेगळे असते. ते आणि लहान पाकीट मोठ्या पाकिटात जाते. घोषणापत्रावर सही-अंगठा नसेल, तर मोजणीत लहान पाकीट उघडतच नाहीत. मत बाद!

म्हणून आम्ही सांगतो : मत आईचे, तिलाच ठरवू द्या. सही झाली का, तेवढे तुम्ही बघा.