चारही चाकांची ओढ

ग्रामीण महाराष्ट्राला ‘जीप’ हा शब्द नवा नाही. १९४७ मध्ये महिंद्र कंपनीने विलीज जीपची जुळणी मुंबईत सुरू केली आणि पुढील तीन-चार दशके जीप म्हणजे सरकार, असेच समीकरण खेड्यात रूढ झाले. मामलेदार, फौजदार, वनाधिकारी आणि निवडणुकीतला उमेदवार यांची चाहूल धुरळ्याआधी जीपच्या आवाजानेच लागत असे. आज तीच गाडी ‘थार’ या नावाने नाशिकच्या कारखान्यातून बाहेर पडते आणि तिथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर असलेल्या नामपूरसारख्या कांद्याच्या बाजारपेठेत शेतकऱ्याच्या, शिक्षकाच्या वा दुकानदाराच्या दारात उभी राहण्याची स्वप्ने पडू लागतात. सत्तेचे वाहन सामान्याच्या आवाक्यात यावे, यात वाईट काही नाही. प्रश्न आहे तो निवडीचा.

चारही चाकांना शक्ती पुरविणाऱ्या गाडीचे तत्त्व सोपे आहे. साध्या गाडीत इंजिनाची शक्ती पुढच्या किंवा मागच्या दोनच चाकांकडे जाते. ती चिखलात गरगरली की गाडी रुतते. ‘फोर-व्हील ड्राइव्ह’मध्ये ट्रान्स्फर केस नावाची जादा पेटी ती शक्ती पुढच्या-मागच्या दोन्ही धुरांना वाटते. तिच्यातील ‘लो’ गिअरने वेग घटतो आणि ओढ बरीच वाढते. तथापि थार आणि मारुतीची जिम्नी या दोन्ही गाड्यांत ही जोडणी गरजेपुरती करावयाची असते. कोरड्या डांबरी रस्त्यावर ती तशीच ठेवली तर वळणावर पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापू पाहतात, त्यांना मोकळीक मिळत नाही, आणि टायर व यंत्रणा या दोहोंवर ताण येतो. म्हणजे नामपूर-सटाणा किंवा नामपूर-मालेगाव या रोजच्या प्रवासात ही सोय केवळ वजन म्हणून वाहिली जाते आणि त्या वजनाची किंमत इंधनाच्या रूपाने मोजावी लागते.

एक गैरसमज तर जिवावर बेतणारा आहे. चारही चाकांची ओढ गाडीला पुढे नेण्यास साहाय्य करते, थांबण्यास नव्हे. ब्रेक प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतातच. ओल्या रस्त्यावर गाडी किती अंतरात थांबेल हे टायरवर आणि वेगावर ठरते. तीच गोष्ट पुराची. मोसमसारख्या नदीच्या फरशीवरून पाणी वाहू लागले की गाडी तरंगते, आणि तरंगत्या गाडीची चार काय, आठ चाके फिरली तरी व्यर्थ!

आता खर्चाकडे वळू. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतील लांबीच्या आणि पेट्रोलवर १२००, तर डिझेलवर १५०० घनसेंटिमीटरपर्यंत इंजिन असलेल्या गाड्यांना १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. त्यापुढच्यांना ४० टक्के. थारचे दीड लिटर डिझेलचे, फक्त मागच्या चाकांवर चालणारे रूप पहिल्या वर्गात बसते. चारही चाकांचे रूप मोठ्या इंजिनासह येत असल्याने दुसऱ्या वर्गात जाते. जिम्नी चार मीटरच्या आत असूनही तिचे पेट्रोल इंजिन दीड लिटरचे, म्हणून तीही ४० टक्क्यांतच. पुण्याच्या फोर्स कंपनीची गुरखा अवघड वाटेसाठी अधिक सज्ज खरी, परंतु तिचे डिझेल इंजिनही मोठेच. चौपदरी ओढीची किंमत अशी यंत्रापेक्षा करातच अधिक जाणवते.

हा भार ज्या उत्पन्नावर टाकावयाचा ते किती भरवशाचे आहे, हेही पाहिले पाहिजे. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली ती मे २०२४ मध्ये उठली. दरम्यान बाजारभावाचे गणित कोलमडले, पण बँकेचा हप्ता कोणासाठी थांबत नाही. ज्याचे कुटुंब साल्हेर-मुल्हेरच्या पायथ्याशी मळ्यात राहते, पावसाळ्यात काळ्या मातीची वाट तुडविल्यावाचून ज्याला आजारी माणूस दवाखान्यात नेता येत नाही, त्याच्यासाठी ही गाडी चैन नव्हे. त्याने ती अवश्य घ्यावी. जुनी घेत असेल तर पुढची धुरा आणि ‘लो’ गिअर प्रत्यक्ष चिखलात चालवून पाहावा. आणि मूळ रचनेत फेरफार केलेल्या गाडीपासून दूर राहावे, कारण मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाला असे फेरफार मान्य नाहीत. परंतु ज्याच्या दारापर्यंत डांबर आहे, आणि वर्षातून दोनदा रुतलेली गाडी ओढायला घरचा ट्रॅक्टर आहे, त्याने उत्तम टायरांची साधी गाडी घेणेच शहाणपणाचे. काळी-पिवळी जीप वर्षानुवर्षे वाड्या-वस्त्यांची माणसे वाहत आली, तीही बहुतांशी मागच्या दोन चाकांच्याच बळावर, हे विसरता कामा नये.

याहून मोठा प्रश्न मात्र खरेदीदाराचा नाही. चिखलाची वाट एका घराने गाडी घेऊन जिंकली, तरी शेजारच्या घरची बाळंतीण त्याच चिखलात अडकते. शाळेत निघालेले मूल तोच चिखल तुडविते. राज्य सरकारने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना जाहीर केली, ती ही अडचण ओळखूनच. पाणंदीवर खडी-मुरूम पडला तर दोन चाकांची गाडीही चालते, बैलगाडीही चालते आणि सायकलही चालते. चारही चाकांची गाडी ज्याला हवी त्याने खुशाल घ्यावी. मात्र ग्रामसभेत पाणंदीचा विषय निघेल तेव्हा तिच्या मालकाने गप्प बसू नये. आपली वाट सुटली म्हणजे गावाची वाट सुटली असे होत नाही.