थांबण्याची ऐपत

इटलीच्या पिएमोंते प्रांतातल्या लांगे टेकड्यांवर जमिनीची प्रत ओळखायची एक जुनी रीत आहे. बर्फ पडून गेला की कुठल्या उतारावरचं बर्फ आधी वितळतं, हे शेतकरी डोळ्यांत तेल घालून बघत. जिथे माती सगळ्यांत आधी उघडी पडे, तिथे नेब्बिओलो जातीचा वेल लावायचा. त्याहून उण्या जागी बार्बेरा किंवा दोल्चेत्तो, आणि उत्तरेकडे तोंड असलेल्या थंड, ओलसर उतारांवर हेझलनटची झाडं. बारोलो ही रेड वाइन होते ती फक्त त्या पहिल्या, उन्हाच्या उतारावरच्या नेब्बिओलोची. दुसऱ्या जातीची मिसळ कायद्याला चालत नाही.

आल्बा गावाच्या नैऋत्येला अकरा गावांच्या शिवारात हा मुलूख मावतो. एकूण लागवड दोन हजार हेक्टरांच्या थोडी वर, आणि वर्षाला निघणाऱ्या बाटल्या सुमारे १ कोटी ४० लाख. जगभर जिचं नाव अदबीनं घेतलं जातं, त्या वाइनची शेती एवढीच. पण तिच्याकडे बघताना क्षेत्रफळापेक्षा काळाचा हिशेब महत्त्वाचा वाटतो. बारोलो ही थांबायला लावणारी वाइन आहे, आणि थांबायची ऐपत ज्या काळात ज्याच्याकडे होती, त्यानंच तिचा इतिहास घडवला.

नेब्बिओलोपासूनच सुरुवात करू. नाशिक-सांगलीकडचा बागायतदार वर्षातून दोनदा छाटणी करतो आणि वेलाला फारशी झोप घेऊ देत नाही. तिथे छाटणी एकच, ऐन थंडीत. त्यानंतर नेब्बिओलोचे डोळे इतर जातींच्या आधी फुटतात, म्हणजे वसंतातल्या उशिराच्या, गोठवणाऱ्या दहिवराची धास्ती तिलाच जास्त. आणि घड तयार होतात सगळ्यांच्या शेवटी. ऑक्टोबरच्या मध्यावर दऱ्यांमधून धुकं चढायला लागतं, शेजारचे दोल्चेत्तोचे मळे कधीच रिकामे झालेले असतात आणि नेब्बिओलो अजून वेलावरच असते. तेवढ्यात पाऊस आला तर वर्ष वाया. सांजोवेझे ही तोस्कानाची जात आपल्याकडे अकलूजच्या रानात रुजली. नेब्बिओलो मात्र पिएमोंते आणि लोंबार्दीतलं वाल्तेल्लिना खोरं सोडून क्वचितच कुठे मनासारखी पिकली आहे.

घड घरात आले तरी घाई चालत नाही. या द्राक्षाचा रंग फिका, पण साल आणि बिया टॅनिननं ठासून भरलेल्या. त्यात आंबटपणा चढा. कोवळी बारोलो तोंडात घेतली की हिरड्या आवळून येतात आणि जीभ कोरडी पडते. चार-आठ वर्षं गेली की टॅनिनचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन मोठे होतात, काही गाळ होऊन तळाशी बसतात आणि तो दरडावणारा तुरटपणा मऊ पडतो. लाल रंग कडेनं विटकरी होत जातो. मग तो वास येतो, ज्यासाठी माणसं वर्षानुवर्षं बाटली फडताळात ठेवतात: वाळलेला गुलाब आणि डांबर, एकाच वेळी. वाचायला विचित्र वाटेल, पण पेल्यात ही जोडी अगदी स्वाभाविक वाटते. आज कायद्यानंच बारोलो ३८ महिने राखावी लागते, त्यातले निदान १८ महिने लाकडी पिंपात. ‘रिझेर्वा’ म्हणायची असेल तर ६२ महिने. म्हणजे आज घड तोडले तर त्यांचे पैसे चौथ्या-सहाव्या वर्षी.

अठराव्या शतकात यातलं काहीच नव्हतं. उशिरा तोडलेल्या द्राक्षांचा रस थंड तळघरात आंबू लागे आणि हिवाळा आला की आंबणं अर्ध्यावर थांबे. साखर शिल्लक राही आणि वसंतात पुन्हा बुडबुडे येत. अमेरिकेचा पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला थॉमस जेफरसन १७८७ मध्ये तुरीनला आला, तेव्हा नेब्बिओलोची जी वाइन त्यानं चाखली ती गोडसर आणि फसफसती होती, असं त्याच्या टिपणावरून दिसतं. साठवणीची, कोरडी, भारदस्त वाइन घडायला एकोणिसाव्या शतकाचा दुसरा चतकोर उजाडला.

त्या वेळी थांबायची ऐपत होती ती वाड्यांची. बारोलो गावची जहागीर फाल्लेत्ती घराण्याकडे होती. त्या घरात सून म्हणून आलेली जूलिया कोलबेर फ्रान्समधल्या वांदेची. क्रांतीच्या दिवसांत तिच्या घरातल्यांनी गिलोटिन पाहिलेलं होतं. तुरीनमध्ये तिनं तुरुंगातल्या बायकांसाठी आयुष्य वेचलं, तिथल्या नरकासारख्या कोठड्या बदलायला लावल्या, शाळा काढल्या. ऑस्ट्रियाच्या कैदेतून सुटलेला लेखक सिल्व्हिओ पेल्लिको तिच्या पदरी ग्रंथपाल होता. तिला मूल नव्हतं. १८६४ मध्ये ती गेली तेव्हा सारी मालमत्ता तिच्या नावाच्या धर्मादाय संस्थेकडे गेली, आणि ती संस्था आजही चालू आहे. बारोलोच्या माहितीपुस्तकांत ‘वाइनवाली मार्क्विस’ एवढ्यावर तिची बोळवण होते, याचं मला वाईट वाटतं.

शेजारच्या ग्रिंझाने गावात कामिल्लो कावूर तरुणपणीच नगराध्यक्ष होता. इटली एक झाल्यावर हाच तिचा पहिला पंतप्रधान. लुई ऊदार या फ्रेंच माणसाला जूलिया आणि कावूर यांनी बोलावलं आणि त्यानं गोड वाइनची कोरडी वाइन केली, अशी कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. अलीकडे जुनी दप्तरं तपासली गेली तेव्हा वेगळं चित्र निघालं. कावूरच्या तळघराची व्यवस्था आधी लावली ती पाओलो फ्रांचेस्को स्टाल्येनो या लष्करी पेशाच्या इटालियन माणसानं. वाइन कशी करावी आणि टिकवावी यावर १८३५ मध्ये त्याचं पुस्तकही निघालं होतं. झाकलेल्या भांड्यात, स्वच्छतेनं, साखर संपेपर्यंत रस आंबू द्यायचा, हा त्याचा आग्रह. फ्रेंच जादूगाराची गोष्ट ऐकायला बरी वाटते; मला मात्र हा शिस्तीचा, पिंपं घासून घेणारा माणूस अधिक पटतो.

राजा कार्लो आल्बेर्तोनं चव बघायला मागितली तेव्हा जूलियानं ३२५ पिंपं पाठवली, उपासाचे दिवस वगळून वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक, अशी दंतकथा आहे. दरबारात ती रुळली एवढं मात्र खरं. पुढचा राजा व्हित्तोरिओ एमानुएले दुसरा यानं सेर्रालुंगाजवळची फोंतानाफ्रेद्दा ही इस्टेट आपल्या लाडक्या रोझा वेर्चेल्लानासाठी घेतली आणि त्यांच्या मुलानं १८७८ मध्ये तिथे वाइनचा व्यवसाय उभा केला. ‘राजांची वाइन’ हे बिरुद तिथून चिकटलं.

पण वेल छाटणारा राजा नव्हता. चार-दोन हेक्टरांचा धनी किंवा अर्धलीनं कसणारा कुळवाडी पहाटे घड तोडून गाडीत भरी आणि आल्ब्याच्या बाजारात दलालांपुढे उभा राही. तोडलेली द्राक्षं थांबत नाहीत. दुपार कलली की भाव उतरे, आणि माल परत नेऊन करायचं काय, हे दलालालाही ठाऊक असे. तळघर, पिंपं आणि तीन-चार वर्षं अडकवायला पैसा व्यापाऱ्याकडे. म्हणून नावही व्यापाऱ्याचं. बेप्पे फेनोल्यो या आल्ब्याच्या लेखकाची १९५४ ची कादंबरिका ‘ला मालोरा’ वाचावी. बापानं दुसऱ्याच्या शेतावर राबायला धाडलेल्या पोराची ती गोष्ट आहे आणि तिच्यातलं लांगे भुकेलं, अबोल आणि कठोर आहे. आज त्याच टेकड्यांवर युनेस्कोच्या जागतिक वारशाची पाटी आहे, २०१४ पासून.  

शेतकऱ्याला थांबायची ऐपत दिली ती चॉकलेटनं. १९४६ मध्ये आल्ब्यात फेर्रेरो कंपनी उभी राहिली. युद्धानंतर कोको महाग आणि दुर्मीळ होता, म्हणून तिनं थंड उतारांवरचे हेझलनट वापरले. पुढे न्यूटेला आलं ते याच वाटेनं. कंपनीच्या बसगाड्या टेकड्यांवरच्या गावांतून माणसं गोळा करत आणि पाळी संपली की परत सोडत. तुरीनच्या मोटार कारखान्यात गेलेला माणूस गाव सोडून गेला. आल्ब्याला पाळीवर जाणारा संध्याकाळी मळ्यात परतला. महिन्याचा पगार हातात पडू लागला तशी द्राक्षं त्याच दिवशी विकायची निकड सैल झाली. १९५८ मध्ये कास्तिल्योने फाल्लेत्तोचे प्राथमिक शिक्षक आणि नगराध्यक्ष आर्नाल्दो रिव्हेरा यांनी शेतकऱ्यांचं सहकारी तळघर सुरू केलं. १९६६ मध्ये बारोलोला कायद्याचं संरक्षण मिळालं आणि १९८० मध्ये त्यातला सर्वांत वरचा दर्जा.

मग कोणाच्या मळ्यातली वाइन कशी, हा प्रश्न पुढे आला. व्यापारी सगळी द्राक्षं एकत्र करी. आता शेतकऱ्याला आपला उतार बाटलीवर लिहायचा होता. एक कोटी वर्षांच्या आगेमागे इथे समुद्र होता आणि त्याच्या तळाची माती टेकड्या होऊन वर आली आहे. पश्चिमेला ला मोर्रा आणि बारोलो गावात निळसर राखी, चुनखडी मिसळलेली चिकण माती. तिथली वाइन सुवासिक आणि जरा लवकर मऊ होणारी. पूर्वेला सेर्रालुंगा आणि मोनफोर्तेकडे वालुकाश्माचे थर जास्त. तिथली वाइन कणखर, आणखी दहा वर्षं मागणारी. एका मळ्याच्या नावानं बाटल्या भरायला १९६१ मध्ये सुरुवात झाली. रेनातो रात्ती यांनी सत्तरीच्या दशकात नकाशा काढून त्याला शिस्त आणली. २०१० मध्ये सरकारी यादी झाली आणि तिच्यात १८१ नावं आली.

आणि ऐंशीच्या दशकात घराघरांत भांडण पेटलं. एलिओ आल्तारे हा ला मोर्राचा तरुण १९७६ मध्ये फ्रान्सच्या बर्गंडीत गेला. तिथला छोटा शेतकरी आपल्या वाइनवर सुखात जगताना त्यानं पाहिला. घरी बापाची जुनी, मोठाली पिंपं होती, ज्यांना वास मारत असे, आणि वाइन विकली जात नव्हती. १९८३ मध्ये त्यानं चेनसॉ आणला आणि बापाची पिंपं चिरली. बापानं त्याला वारसाहक्कातून काढून टाकलं. आल्तारे आणि त्याचे सोबती २२५ लिटरची नवी फ्रेंच ‘बारीक’ पिंपं वापरू लागले. सालीवर महिना-दीड महिना रस ठेवायच्या जागी फिरत्या टाक्यांत काही दिवसांत काम उरकू लागले. उन्हाळ्यात घडविरळणी सुरू केली. भुकेचे दिवस पाहिलेल्या म्हाताऱ्यांना हिरवे घड मातीत पडलेले बघणं पापासारखं वाटलं, आणि त्यांना दोष कसा द्यायचा? पण वाइन लवकर मऊ झाली, अमेरिकेत तिला भाव आला आणि कर्ज फिटलं.

समोरच्या बाजूला होते बार्तोलो मास्कारेल्लो. चार मळ्यांची द्राक्षं एकत्र आंबवायची, मोठ्या जुन्या पिंपात मुरवायची, बापानं केलं तसंच. उतारवयात चाकांच्या खुर्चीत बसून ते लेबलं हातानं रंगवत. त्यातल्या एका लेबलावर त्यांनी लिहिलं, ‘बारीक नको, बर्लुस्कोनी नको’. एका पिंपात आणि एका राजकारण्यात त्यांना एकच गोष्ट दिसत होती: सगळीकडचं सगळं सारखं करून टाकणारी चकाकी. त्यांचं म्हणणं मला पटतं. तरी आल्तारेनं ते धाडस केलं नसतं तर अनेक पोरांनी मळे विकून शहर गाठलं असतं, हेही तितकंच खरं. १९८६ मध्ये त्याच जिल्ह्यातल्या नारझोलेहून निघालेल्या स्वस्त वाइनमध्ये मिथेनॉल सापडलं, वीसहून अधिक माणसं मेली आणि इटालियन वाइनचं नाव धुळीला मिळालं. त्यानंतरच्या पडत्या काळात बारोलोचं नाव जगात पुन्हा उभं राहिलं, त्यात या बंडखोरांचा वाटा मोठा.

आता भांडण निवलं आहे. बंडखोरांच्या मुलांनी नव्या लाकडाचा वास कमी केला, जुन्या वळणाच्या घरांनी तळघरं स्वच्छ केली. उन्हाळे तापले आहेत. तोडणी पूर्वीपेक्षा लवकर येते, द्राक्षं पुरती पिकतात आणि वाइन कोवळेपणीही पूर्वीइतकी दरडावत नाही. बर्फ उशिरा वितळतं म्हणून नाकारलेल्या उतारांकडे लोक नव्यानं बघू लागले आहेत. मळ्यात वाकलेले हात मात्र बहुतेक मॅसेडोनिया, अल्बानिया आणि आफ्रिकेतून आलेले आहेत, आणि त्यांच्या मजुरीतून पैसे खाणाऱ्या मुकादमांवर पोलिसांना कारवाई करावी लागली आहे. फेनोल्योच्या कादंबरीतला पोऱ्या आज दुसरी भाषा बोलतो.

उत्तम उतारावरच्या एका हेक्टरची किंमत दहा लाख युरोच्या कितीतरी वर गेली आहे. ही रक्कम वाइन विकून एका पिढीत फिटत नाही. घरात तीन भावंडं असली आणि एकानं आपला वाटा रोख मागितला, तर उरलेल्या दोघांकडे तो द्यायला पैसे नसतात. १९६१ मध्ये एका मळ्याच्या नावानं बारोलो भरणाऱ्या पहिल्या दोन घरांपैकी व्हिएत्ती हे एक. २०१६ मध्ये ते आयोवातल्या एका अमेरिकन उद्योजक कुटुंबाला विकलं गेलं. त्या कुटुंबाची मूळ कमाई पेट्रोल पंपांना जोडलेल्या दुकानांची आहे आणि त्याला ३८ महिने थांबणं अजिबात जड नाही.