उसन्या मज्जेंतील विकार

ल्युकेमिया म्हणजे रक्तपेशींचा कर्करोग. औषधांनीं व किरणांनीं रोग्याची बिघडलेली अस्थिमज्जा नष्ट करावयाची आणि निरोगी माणसाची मज्जा त्याच्या शिरेंतून आंत सोडावयाची, हा त्यावरील एक उपाय आतां सर्वश्रुत आहे. नवी मज्जा हाडांच्या पोकळींत आपण होऊन रुजते व रक्त घडवूं लागते. पुढें रोग उलटलाच, तर जुन्या पेशींपैकीं कांहीं वांचल्या असाव्यात असें कोणीही म्हणेल. आणि बहुतेक वेळां तें खरेंही असतें. पण क्वचित् प्रसंगीं तसें नसतें.

१९७१ सालीं अमेरिकेंतील सिॲटल येथील वैद्यांनीं एक विलक्षण हकीकत प्रसिद्ध केली. ल्युकेमिया झालेल्या एका मुलीस तिच्या भावाची मज्जा दिलेली होती. रोग पुन्हां दिसला, तेव्हां बिघडलेल्या पेशी तपासतां त्यांत पुरुषाचीं गुणसूत्रें आढळलीं! स्त्रीच्या पेशींत एक्स गुणसूत्रांची जोडी असते, पुरुषाच्या पेशींत एक्स व वाय. रोग बहिणीच्या देहांत, पण पेशी भावाच्या. या वैद्यांत डॉ. डोनल टॉमस हेही होते. मज्जारोपणाच्या कार्याबद्दल १९९० मध्यें त्यांस नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. आतां ही ओळख डीएनएच्या खुणांवरून पटवितात, त्यामुळें दाता व रोगी दोघेही पुरुष असले तरी अडत नाहीं.

प्रकार दुर्मिळ खरा. युरोपांत झालेल्या व २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत दहा हजारांहून अधिक रोपणांमागें अशीं १४ उदाहरणें निघालीं.

मग दाता आधींच आजारी होता काय? खरें कोडें येथेंच आहे. कित्येकदां दाता धडधाकट राहतो आणि त्याचेंच बीज दुसऱ्याच्या देहांत नासतें. शेतकऱ्यास याचें नवल वाटणार नाहीं: बीज तेंच, भूमि निराळी. ही भूमि औषधांनीं व किरणांनीं भाजलेली असते. मूठभर पेशींना घाईघाईनें सबंध शरीराचें रक्त घडवावें लागतें. त्या पुनःपुन्हां विभागतात, आणि प्रत्येक विभागणींत चूक होण्यास वाव असतो. शिवाय नव्या पेशींनीं यजमानावर उठूं नये म्हणून शरीराच्या पहारेकऱ्यांसही औषधांनीं आवरून धरलेलें असतें.

बीजांतही कधीं कधीं खोट असते. वाढत्या वयांत मज्जेंतील एखाद्या पेशीच्या जनुकांत लहानसा बदल होतो व तिची संतति वाढत जाते. २०१४ सालच्या संशोधनांत सत्तरी ओलांडलेल्यांपैकीं सुमारें दहांत एकाच्या रक्तांत असा बदल आढळला. त्यांतील बहुतेकांस कर्करोग होत नाहीं. म्हणून वयस्क दाता नकोच म्हणणें मात्र उतावीळपणाचें होईल. २०२२ सालच्या एका अमेरिकन अभ्यासांत, दात्याच्या डीएनएमटी-३-ए या जनुकांत असा बदल असतां रोग्याचा मूळ रोग उलटण्याचें प्रमाण उलट कमीच दिसलें.

कठीण गोष्ट आहे ती सख्ख्या भावंडांची. ऊति जुळतात म्हणून दाता प्रथम घरांतच शोधतात. पण डीडीएक्स-४१ सारख्या जनुकांतील दोष आनुवंशिक असतो, आणि तो दोघांतही असूं शकतो. म्हणून आतां असा संशय असलेल्या कुटुंबांत मज्जा घेण्यापूर्वीं भावंडांचीही तपासणी करतात. बहिणीस वांचवावयास आलेल्या भावाला मग स्वतःविषयीं न विचारलेलें उत्तर मिळतें. तें ऐकण्याची त्याची इच्छा आहे कीं नाहीं, हें माझ्या मतें त्याचें रक्त तपासावयास घेण्याआधींच विचारलें पाहिजे. रोपणानंतर कांहीं वर्षांनीं बहिणीच्या देहांत त्याच्या पेशी बिघडल्याचें ठरलें, तर त्यासही बोलावून तपासावें लागतें. आणि असें बोलावणें येऊं शकतें, हें त्यास पहिल्याच दिवशीं ठाऊक असावें.