अर्ध्या तासाचा निबंध

निबंध शिकवणाऱ्या माणसाला घरात एक फुकटचा मान असतो. कुणाच्या लग्नाची मंगलाष्टके असोत, सोसायटीचा तक्रारअर्ज असो, नाहीतर शाळेतल्या मुलाचे वक्तृत्वस्पर्धेचे भाषण असो, "त्याच्याकडून लिहून घ्या, तो मराठीचा प्राध्यापक आहे," असे म्हणून कागद माझ्यापुढे सरकवला जातो. वीस वर्षे मी हा मान बिनतक्रार उपभोगला. २०२४ च्या मे महिन्यात मात्र त्याची किंमत चुकती करण्याची पाळी माझ्यावर आली.

झाले असे की, माझी भाची जी. आर. ई. च्या परीक्षेला बसली. पोरगी हुशार, अभियांत्रिकीची पदवीधर, दोन वर्षे नोकरी केलेली. अमेरिकेत जाऊन एम. एस. करावे असा तिचा बेत. त्यासाठी घर तारण ठेवून कर्ज काढायला मेहुणे तयार झाले होते. आणि त्यांच्या निवृत्तीला तर जेमतेम तीन वर्षे उरलेली. निकाल आला. गणितात १७० पैकी १६७, भाषेच्या भागात १५६, आणि निबंधात ६ पैकी २.५!

त्याच संध्याकाळी आमच्या भगिनींचा फोन आला.

"मामा मराठीचा प्राध्यापक आणि भाचीला निबंधात अडीच! कुणाला सांगायचीसुद्धा सोय नाही."

"अगं, परीक्षा इंग्रजीत असते," मी आपला बचाव मांडला.

"असू दे. निबंध तो निबंधच!"

बहिणीचे म्हणणे किती खरे होते, ते मला पुढच्याच रविवारी कळायचे होते.

ज्यांच्या घरात अजून हे प्रकरण शिरलेले नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती द्यायला हवी. अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षणासाठी जाणाऱ्यांची ही परीक्षा बरीच जुनी, १९३० नंतरच्या दशकातली. १९४७ साली स्थापन झालेली एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस ही संस्था ती घेते. निबंध मात्र तिच्या मुख्य परीक्षेत उशिरा, म्हणजे २००२ साली आला. तेव्हा दोन निबंध असत, एकाला ४५ मिनिटे आणि दुसऱ्याला ३०. २०११ पासून दोन्हींना तीस-तीस मिनिटे झाली आणि सप्टेंबर २०२३ पासून एकच निबंध उरला. वेळ तीस मिनिटे. परीक्षेची सुरुवातच त्याने होते. अलीकडे पुष्कळ विद्यापीठांच्या विभागांनी ही परीक्षा ऐच्छिक केली आहे. पण भाचीने निवडलेल्या दोन ठिकाणी ती हवीच होती.

निबंध संगणकावर टंकलिखित करावयाचा असतो. शब्द खोडता येतात, ओळी इकडच्या तिकडे हलवता येतात. पण शुद्धलेखन तपासून देणारी सोय तेथे नसते. गुण शून्यापासून सहापर्यंत, अर्ध्या-अर्ध्या गुणाच्या पायरीने. निबंध एक प्रशिक्षित परीक्षक वाचतो, आणि ‘ई-रेटर’ नावाची संगणकप्रणालीही त्याला गुण देते. दोघांचे जुळले तर सरासरी काढतात. फार अंतर पडले तर दुसरा माणूस वाचतो आणि मग दोन माणसांच्या गुणांची सरासरी धरतात.

रविवारी सकाळी भाची वही घेऊन आली. परीक्षेत लिहिलेला निबंध तिने आठवून आठवून उतरवून काढला होता. मी चष्मा पुसून वाचायला बसलो. इंग्रजी स्वच्छ होते. परिच्छेद पाच होते. पहिल्यात विषयाचे महत्त्व होते, दुसऱ्यात एडिसन होता, तिसऱ्यात गांधीजी होते, चौथ्यात ‘तथापि’ होते. फक्त माझी भाची त्यात कुठे नव्हती! दिलेले विधान तिला पटते की नाही, याचा पाचही परिच्छेदांत पत्ता लागेना. आणि शेवटी, प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात, तेव्हा सुवर्णमध्य साधणे हेच श्रेयस्कर, अशा अर्थाचे एक ऐटबाज वाक्य होते.

"हे नाणं कुठून आणलंस?" मी विचारले. "शिकवणीतून?"

"शिकवणीतून एडिसन आणला," ती म्हणाली. "नाणं तुझं आहे, मामा. दहावीला तूच दिलं होतंस. ‘विषय काहीही येऊ दे, शेवट हाच कर,’ असं म्हणाला होतास."

वाचकहो, मी चष्मा काढून ठेवला. तिच्या दहावीच्या वर्षी मी तिला पंधरा निबंध लिहून दिले होते, हे खरे आहे. त्यातला ‘वृक्ष आमचे सोबती’ असा होता की, चार शब्द बदलले की त्याचा ‘पर्यावरण’ व्हावा आणि आणखी चार बदलले की ‘पावसाळा’. तिने ते सारे पाठ केले, उत्तम गुण मिळवले, आणि मी तिच्याकडचे पेढे मोठ्या अभिमानाने खाल्ले. त्या पेढ्यांची किंमत ती आता भरत होती.

मग आम्ही दोघांनी मिळून त्या संस्थेने जाहीर केलेले गुणदानाचे निकष वाचले. ते गुप्त नाहीत. निबंधाच्या विषयांची सबंध यादीसुद्धा संस्थेने आधीच प्रसिद्ध केलेली आहे. विषय आधी कळूनही लोकांचे गुण जातात, याचे मला प्रथम नवल वाटले. निकष वाचल्यावर ते ओसरले. सहा गुणांच्या निबंधात त्यांना एक स्पष्ट भूमिका हवी असते, तिला पटण्याजोगी कारणे आणि उदाहरणे हवी असतात, एका मुद्द्यातून दुसरा निघायला हवा असतो. किरकोळ चुका तेथे चालतात, कारण वेळ तीसच मिनिटांचा होता हे परीक्षकाला ठाऊक असते. भूमिका मोघम राहिली की मात्र गुण तीनच्या घरात उतरतात, आणि ती मुळी कळलीच नाही की त्याहून खाली.

दुसरीही एक गोष्ट भाचीच्या नजरेतून निसटली होती. प्रत्येक विधानाखाली एक सूचना असते आणि ती सगळीकडे सारखी नसते. कुठे, हे विधान कोणत्या परिस्थितीत खरे ठरेल आणि कोणत्या परिस्थितीत ठरणार नाही, याचा विचार करा म्हणतात. कुठे, हे धोरण अमलात आणले तर परिणाम काय होतील ते पाहा म्हणतात. कुठे, तुमच्या मताला कोणते आक्षेप घेता येतील ते सांगा म्हणतात. पाठ केलेला सांगाडा ही सूचना वाचतच नाही. शिवाय दुसऱ्या कुणाच्या निबंधाशी फार साम्य आढळले तर गुण रद्द करण्याचा अधिकारही संस्था राखून आहे. म्हणजे माझे नाणे तिथे खोटे तर होतेच, वर धोक्याचेही होते.

"मग आता लिहून दे," भाची म्हणाली.

"लिहून देणार नाही. विषय देतो."

त्या यादीच्या धर्तीवर मी एक विधान तयार केले: ‘जुन्या इमारती जपण्यापेक्षा त्या जागी नव्या सोयी उभारणे समाजाच्या अधिक हिताचे असते.’ भाचीने लगेच टंकायला हात पुढे केले. मी ते थांबवले आणि विचारले, "तुला काय वाटतं?"

"दोन्ही बाजूंनी—"

"नाणं नको!"

आत आई भाजी निवडत होती. आमचे बिऱ्हाड १९९४ पर्यंत सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात होते. दोन खोल्या, चौकात सामायिक नळ, मागच्या बाजूला सामायिक संडास. मी जरा गहिवरूनच म्हणालो, "आपला वाडा पाडला तेव्हा केवढं वाईट वाटलं होतं! तो चौक, ती तुळस..."

"तू चौकात खेळत होतास रे," आई आतूनच म्हणाली. "पाणी मी भरत होते. पहाटे पाचला नळ यायचा. जपा म्हणणाऱ्यांनी महिनाभर राहून बघावं."

भाची क्षणभर गप्प राहिली आणि मग कागदावर भराभर लिहू लागली. तिला तिची भूमिका सापडली होती. इमारत जपायची की नाही हे ठरवताना त्या जपण्याचा भार कुणावर पडतो ते आधी पाहिले पाहिजे. माणसे जिथे गैरसोयीत राहतात तिथे नवी सोय आधी. पण जुने ते सगळेच गैरसोयीचे नसते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत १८८८ साली पूर्ण झाली, २००४ साली ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, आणि तिथून आजही लाखो माणसे लोकल पकडतात. तिथे जपणे आणि वापरणे यांत वैर नाही.

"आता तुझ्यावर आक्षेप घेतो," मी म्हणालो. "१८२८ च्या आगीनंतर शनिवारवाड्यात तटबंदी, दरवाजे आणि जोती एवढंच राहिलं. तिथे कुणी राहत नाही, कुणी गाडी पकडत नाही. मग तो पाडून तिथे वाहनतळ करायचा का?"

तिने पेन्सिल चावली. थोड्या वेळाने म्हणाली, "नाही. तिथे कुणाला पाणी भरावं लागत नाही ना! जपण्याचा त्रास कुणा एकट्याच्या माथी नाही, खर्च सगळ्यांचा आणि आठवणही सगळ्यांची. म्हणजे माझा मुद्दा मोडत नाही, उलट नीट होतो."

आक्षेपाने मत घासूनपुसून निघते ते असे. या खेळाला पाचच मिनिटे लागली होती, आणि निबंध जवळजवळ तयार झाला होता. वाडा म्हणजे काय, ते परदेशी परीक्षकासाठी एका वाक्यात सांगायचे एवढीच भर मी घातली.

त्या दिवसापासून आम्ही वेळेची वाटणी ठरवून टाकली. पहिली पाच मिनिटे कळफलकाला हात लावायचा नाही. मिळालेल्या कच्च्या कागदावर चार ओळी लिहायच्या: सूचना नेमके काय विचारते, माझे मत एका वाक्यात काय, दोन उदाहरणे कोणती, आणि माझ्यावरचा सर्वांत जबर आक्षेप कोणता. पुढची वीस मिनिटे लिहायचे. मत पहिल्याच परिच्छेदात सांगायचे. प्रत्येक उदाहरणानंतर ‘यावरून काय ठरले’ ते एका वाक्यात लिहायचे, कारण उदाहरण आपले आपण काही सिद्ध करीत नाही. वेळ कमी पडला तर दुसरे उदाहरण सोडायचे, आक्षेप सोडायचा नाही. उरलेली पाच मिनिटे वाचण्यासाठी.

हे वाचणे तिला फार उपयोगी पडले. पहिल्या सरावात घड्याळ संपले तेव्हा तिचे वाक्य अर्ध्यावर होते. दुसऱ्यात निबंध वेळेत संपला. पण सुरुवातीला ती विधानाच्या बाजूची होती आणि शेवटी विरुद्ध पक्षात जाऊन बसली होती! लिहिता लिहिता मत हलते, त्यात गैर काही नाही. अशा वेळी परत वर जाऊन पहिला परिच्छेद शेवटच्याशी जुळवून घ्यावा. दोन ओळींचे काम असते. आणखी एक शोध लागला तो असा की, बिनचूक वाटणारे तिचे स्पेलिंग मोबाईलच्या कृपेने बिनचूक होते. मग सरावासाठी तपासणीची सोय बंद करून ठेवली.

सहा आठवडे हा क्रम चालला. रोज सकाळी चहाबरोबर यादीतला एक विषय घेऊन नुसत्या चार ओळींचे टिपण, आणि आठवड्यातून दोन वेळा घड्याळ लावून पुरा निबंध. आक्षेप घ्यायचे काम मेहुण्यांनी हौसेने पत्करले. बत्तीस वर्षे कचेरीत दुसऱ्यांच्या टिपणांवर शेरे मारलेला माणूस तो! बहीण सांगते, बापलेक इतके बोलत बसलेले तिने कित्येक वर्षांत पाहिले नव्हते.

जुलैमध्ये भाची पुन्हा परीक्षेला बसली. विषय अर्थातच निराळा आला. वाडा कामी आला नाही, पाच मिनिटे आली. या वेळी निबंधाला ४.५ मिळाले. "सहापैकी साडेचारच?" असे बहिणीने विचारले, पण आवाजात ती मेची धार नव्हती. पुढे प्रवेशही मिळाला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये भाची अमेरिकेला गेली. प्रवेश निबंधामुळे मिळाला असे मी म्हणणार नाही. त्याला गणित होते, शिफारसपत्रे होती, आणि घरावरचे कर्जही होते. पण जाताना ती माझ्या आईच्या पाया पडली आणि म्हणाली, "आजी, तुझं पाणी भरणं मी विसरणार नाही." आईला संदर्भ कळला की नाही कोण जाणे, तिने लाडवांचा डबा तेवढा हातात दिला.

माझा हिशेब अजून उरला होता. तो मी वर्गात फेडतो आहे. २०२४ च्या जूनपासून मी निबंध सांगून लिहून घेणे बंद केले. मुले नाराज झाली. पहिल्या चाचणीत गुण घसरले आणि दोन पालक भेटूनही गेले. त्यांची काळजी मला समजते, कारण गुणांवर पुढचे प्रवेश ठरतात आणि पेढे मीही खाल्ले आहेत. पण घरात निबंध लिहून देणारा मामा, काका किंवा बाबा असेल, तर त्याला माझी विनंती आहे की पेन खाली ठेवावे आणि मुलाला एवढेच विचारावे, "तुला काय वाटतं?" आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. थांबणेच अवघड असते.

आता विषय फळ्यावर लिहिला की मी पाच मिनिटे खिडकीशी उभा राहतो. वर्ग शांत असतो. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतेच, "सर, लिहायला सुरुवात करू?"

"तुझं मत ठरलं?"

"अजून नाही, सर."

"मग अजून नाही."